खेळापूर्वीची वीस मिनिटे

श्रावणातली एक संध्याकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या भिंती जिथे संपतात आणि कपाशीची शेते सुरू होतात, तिथल्या एका पडीक पटांगणावर पोरांचा फुटबॉल रंगात आला होता. दुपारी सर येऊन गेल्यामुळे काळी माती फुगली होती आणि बुटांच्या तळांना तिचे थर चिकटत होते. पंधरा-सोळा वर्षांचा एक चपळ मुलगा चेंडू घेऊन बगलेने धावत आला, समोरच्या गड्याला चकविण्यासाठी त्याने डावा पाय मातीत रोवला, अंगाला उजवीकडे हिसका दिला, आणि कोणाचा साधा खांदाही लागलेला नसताना गुडघा धरून तो मटकन खाली बसला. आत काहीतरी ‘कट्‌’ वाजले, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. कोणी त्याचा पाय ओढून पाहिला, कोणी पाणी ओतले, कोणी मलमाची नळी काढून गुडघा रगडला, आणि त्या कोंडाळ्यातला एक वडीलधारा त्याला म्हणाला, “ऊठ बाबू, थोडा चालून पाह्य, मोकळा होऊन जाईन पाय.” मुलगा आज्ञाधारक होता. तो उठला, लंगडत खेळू लागला आणि पाचच मिनिटांत तोच गुडघा पुन्हा निसटून कोसळला. रात्रीपर्यंत त्याच्या गुडघ्याची वाटी सुजेत दिसेनाशी झाली होती.

तो वडीलधारा मीच होतो. त्या मुलाविषयी मला वाटलेली तळमळ खरी होती, परंतु तळमळीला ज्ञानाची जोड नसली म्हणजे ती किती अपाय करू शकते, याची रुजुवात मला त्या दिवशी झाली. हा लेख लिहिण्याची सबब तीच आहे.

“खेळ म्हटला की लागायचेच,” हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की दुखापत हा जणू खेळाचा सरकारसाराच आहे आणि तो ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे वसूल होणार, अशी आपली पक्की समजूत झाली आहे. ही समजूत चुकीची आहे. फुटबॉलमधल्या पुष्कळशा दुखापती ठरावीक अवयवांना, ठरावीक हालचालींत आणि ठरावीक कारणांनी होतात. आणि ज्याचे कारण ठाऊक आहे त्याचा बंदोबस्तही करता येतो. तो करण्यास पैसा फारसा लागत नाही, ही गोष्ट हिंगण्यासारख्या ठिकाणी विशेष मोलाची आहे.

नागपूरची फुटबॉलभूमी

नागपूरच्या नैर्ऋत्येस वेणा नदीकाठी वसलेले हिंगणा हे तालुक्याचे ठिकाण. निलडोह, डिगडोह, वानाडोंगरी, इसासनी या आसपासच्या गावांत, कारखान्यांच्या आश्रयाने दूरदूरहून आलेली कामकरी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांना परवडणारा खेळ म्हणजे फुटबॉल, कारण एका चेंडूवर बावीस जणांची संध्याकाळ निघते. नागपूर जिल्ह्याला या खेळाचे वेड तसे जुने आहे. छावणीचे गाव असलेल्या कामठीने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. आणि नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली, पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरे पाहून त्यांच्यासाठी फुटबॉलची जी चळवळ उभी केली, ती ‘स्लम सॉकर’ या नावाने देशाबाहेरही पोहोचली. तिला 2016 साली ‘फिफा’ या जागतिक संघटनेचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि नागराज मंजुळे यांच्या 2022 सालच्या ‘झुंड’ या चित्रपटाने ती कहाणी घरोघरी नेली.

बादलीचाही चेंडू होऊ शकतो, हे नागपूरच्या पोरांनी जगाला दाखवून दिले. मात्र बादलीने खेळणाऱ्याचा गुडघा गेला तर त्याच्यापाशी दुसरा गुडघा नसतो, आणि शस्त्रक्रियेला लागणारी रक्कम त्याच्या बापाच्या अनेक महिन्यांच्या पगाराएवढी असते. श्रीमंत क्लबाचा खेळाडू जायबंदी झाला तर तो काही महिने मैदानाबाहेर बसतो. मजुराचा मुलगा जायबंदी झाला तर तो मैदानातून कायमचा बेदखल होतो. म्हणून दुखापत टाळण्याची विद्या ज्याच्यापाशी काही नाही त्यालाच सर्वांत आधी मिळाली पाहिजे.

कुठे आणि कशाने

फुटबॉलमध्ये सर्वाधिक मार सोसतो तो पाय, आणि पायात नेहमीचा बळी घोटा. धावता धावता पाऊल आतल्या बाजूस मुडपते, शरीराचा सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो आणि घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, ताणले किंवा फाटले जातात. यालाच आपण पाय मुरगळणे म्हणतो. हिंगण्याकडची जमीन काळ्या फत्तराची आणि त्यावरच्या काळ्या मातीची आहे. ही माती पावसात फुगते आणि वैशाखात वाळून तिला बोटभर रुंदीच्या भेगा पडतात. पहिल्या स्थितीत पाय रुततो, दुसरीत अडकतो, आणि घोट्याला दोन्हींचे भय सारखेच. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो, कारण अस्थिबंधाबरोबरच, पाऊल कुठे आणि कसे पडले आहे याची मेंदूला वर्दी देणारी सूक्ष्म यंत्रणाही दुखावलेली असते. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला, असे समजणाऱ्यांना तो दुसऱ्या हंगामात पुन्हा दगा देतो तो यामुळेच.

दुसरी नेहमीची दुखापत मांडीच्या मागच्या स्नायूंची. वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधी या स्नायूंना पुढे झेपावणारी नडगी लगाम खेचावा तशी आवरावी लागते. ते लांबत असतात आणि त्याच वेळी जोरही लावत असतात. या दुहेरी ओढाताणीत, विशेषतः सामन्याच्या शेवटी अंग थकलेले असताना, त्यांचे तंतू तुटतात आणि कोणी मागून दगड मारल्यासारखी कळ येऊन खेळाडू मांडी धरून थांबतो. जांघेतले स्नायू दुखावतात ते जोरदार लाथ मारताना आणि एकाएकी दिशा बदलताना.

गुडघ्याची गोष्ट याहून गंभीर. गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात; त्यातला पुढचा, ज्याचे ‘एसीएल’ हे नाव आता पोरासोरांच्याही तोंडी रुळले आहे, नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला पिळा पडू देत नाही. तो तुटतो बहुधा कोणाच्या धक्क्याने नव्हे. पाय रोवून वळताना, उडी मारून एका पायावर उतरताना किंवा धावता धावता एकदम थबकताना गुडघा आतल्या बाजूस झुकतो आणि पापणी लवण्याच्या आत बंध तुटतो. ‘कट्‌’ असा आवाज, गुडघा निसटल्याची भावना आणि दोन-चार तासांत चढलेली सूज ही त्याची लक्षणे. माझ्यासमोरच्या त्या मुलाने तिन्ही दाखवली होती, आणि मी त्याला चालायला सांगत होतो. शस्त्रक्रिया करून नवा बंध बसविला तरी नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो. इथे मुदतीत सवलत मागता येत नाही.

मुलींना ही गुडघ्याची दुखापत मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक होते. शरीराची ठेवण, स्नायूंचे बळ आणि उडीवरून उतरण्याची लकब अशी त्याची अनेक कारणे सांगितली जातात. परंतु एक कारण आपल्या हातचे आहे. आपण मुलांना लहानपणापासून धावू देतो, झाडावर चढू देतो, पडू देतो, आणि मुलींना एके दिवशी थेट सामन्यात उतरवतो. त्यांना खेळापासून परावृत्त करणे हा उपाय होऊ शकत नाही. योग्य रीतीने उडी मारणे आणि उतरणे त्यांना आधी शिकवणे, हाच उपाय होय.

वाढत्या वयाच्या मुलांचे एक वेगळेच दुखणे असते. दहा ते पंधरा या वर्षांत हाडे झपाट्याने लांबतात, स्नायू मागे पडतात आणि जिथे स्नायूची दोरी हाडाच्या कोवळ्या भागाला बांधलेली असते तिथे ओढ बसते. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरे टेंगूळ येते किंवा टाच ठणकू लागते. अशा मुलाला आळशी ठरवून मैदानात पिटाळणे हा अन्याय आहे. त्याचे धावणे काही आठवडे कमी केले, तर बहुतेकदा ते दुखणे वयाबरोबर आपोआप निवते.

आणि शेवटी डोके. दोन डोकी आदळल्यावर किंवा गोलखांबावर कपाळ आपटल्यावर मुलगा बेशुद्ध झाला नाही म्हणजे काही झाले नाही, हे खरे नव्हे. शून्यात लागलेली नजर, तोल जाणे, मळमळ, “गोल किती झाले?” असे पुन्हा पुन्हा विचारणे, यांपैकी एक जरी चिन्ह दिसले तरी त्या दिवशी त्याचा खेळ संपला पाहिजे, मग सामना अंतिम फेरीचा का असेना. वारंवार उलट्या, वाढती गुंगी किंवा झटके आले तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे. मान दुखत असेल तर त्याला कोणी उचलू नये, हलवू नये.

पहिली दहा मिनिटे

दुखापत झाल्यावर आपल्याकडे जे तीन इलाज हटकून होतात ते म्हणजे ओढणे, चोळणे आणि चालविणे. आणि तिन्ही घातक आहेत. ताज्या दुखापतीत आत रक्तस्राव चालू असतो. तेल लावून रगडल्याने किंवा गरम वाळूने शेकल्याने तो वाढतो, आणि हाडाला चीर गेली असेल तर ओढल्याने ती सरकते. आंबेहळदीच्या लेपाने थोडे बरे वाटेल, पण लेपाच्या भरवशावर चार दिवस तपासणी लांबविणे धोक्याचे.

त्याऐवजी करावयाचे ते साधे आहे. खेळ थांबवावा. दुखावलेल्या भागावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, त्वचेला थेट लावू नये. त्यानंतर पट्टी बेताच्या दाबाने बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. घोटा मुरगळला असेल तर चार पावले भार देऊन टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर बोटाने दाबले असता हाडच दुखते का, हे पाहावे. पावले टाकता येत नसतील किंवा हाड दुखत असेल तर एक्स-रे काढल्यावाचून राहू नये. कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली प्रसिद्ध केलेली ही कसोटी आज जगभर वापरली जाते, आणि ती शिकायला पाच मिनिटे पुरतात. दोन-तीन दिवसांनंतर मात्र पाय कायम पलंगावर ठेवणेही चूक. वेदना सोसवेल तितकी हळूहळू हालचाल सुरू केली म्हणजे भरून येणारा बंध बळकट होतो.

एक प्रसंग असा असतो, की तिथे दहा मिनिटेही हाताशी नसतात. गोव्याच्या धेंपो क्लबाचा ब्राझिली आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर 5 डिसेंबर 2004 रोजी बेंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात, गोल करताना झालेल्या टकरीनंतर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. उलट 12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कच्या ख्रिस्तियन एरिक्सनचे हृदय मैदानावरच थांबले असता, तत्काळ छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याला परत आणण्यात आले. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खेळू लागला. कोसळलेला खेळाडू प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर 108 क्रमांकाला फोन करून छातीच्या मधोमध जोराने आणि जलद, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहणे, एवढे तरी प्रत्येक मैदानावर दोघा-चौघांना यावयास हवे.

वीस मिनिटांची विद्या

आता मुख्य तजवीज. ‘फिफा’च्या वैद्यकीय संशोधन विभागाने नॉर्वेतील तज्ज्ञांसह ‘इलेव्हन प्लस’ नावाचा व्यायामक्रम आखला. 2007 च्या हंगामात नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या अठराशेहून अधिक मुलींवर त्याची परीक्षा झाली, तेव्हा तो करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. या क्रमाला यंत्र लागत नाही, व्यायामशाळा लागत नाही. लागतात ती वीस मिनिटे, आणि आठवड्यातून निदान दोन वेळची चिकाटी.

पहिली आठ मिनिटे संथ धावण्याची: सरळ, गुडघा उचलून बाहेर फिरवीत, आत आणीत, जोडीदाराभोवती फेरी मारीत, हवेत उडून खांद्याला खांदा लावीत. पुढची दहा मिनिटे बळाची आणि तोलाची. कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर फळीसारखे ताठ धरावयाचे, आधी पालथे, मग कुशीवर. नंतर गुडघ्यांवर उभे राहावयाचे, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरावयाचे आणि पाठ न वाकवता अंग जितके हळू पुढे झुकविता येईल तितके झुकवावयाचे. मांडीचे मागचे स्नायू थरथरू लागतात तेव्हा ते लांबत असताना जोर लावण्याचे नेमके तेच काम शिकत असतात, ज्यात ते धावताना फाटतात. हा एक व्यायाम नेमाने केला तर त्या स्नायूंच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटतात. त्यानंतर एका पायावर उभे राहून तोल सांभाळावयाचा, बैठका काढावयाच्या आणि उड्या मारावयाच्या. शेवटची दोन मिनिटे वेगाने धावून, पाय रोवून दिशा बदलण्याची.

उडीतली मेख प्रशिक्षकाने समोर उभे राहून पाहावी. उतरताना गुडघे वाकलेले असावेत, पावलांचा आवाज होऊ नये, आणि गुडघ्याची वाटी पायाच्या बोटांच्या रेषेत राहावी, आत झुकू नये. ज्या मुलाचा गुडघा आत झुकतो त्याला तिथल्या तिथे टोकावे. ओल्या मैदानावर एके दिवशी जी हालचाल त्या मुलाला महागात पडली, ती वीस मिनिटांच्या या पाठात शेकडो वेळा दुरुस्त करता आली असती.

राहिलेला बंदोबस्त किरकोळ वाटतो, परंतु त्यात हयगय नको. “पुढच्या वर्षीही होईल” म्हणून एक नंबर मोठा बूट घेण्याची आपल्या घरांतली काटकसर घोट्याला जाचते. बूट मापाचाच असावा. नडगीचे कवच, म्हणजे शिनगार्ड, 1990 पासून खेळाच्या नियमांनीच सक्तीचे केले आहे. ते सरावातही घालावे. खेळापूर्वी दोघांनी मैदानाची फेरी मारून काचा आणि खडे वेचावेत, भेगांत मुरूम टाकून चोपावा, आणि गोलखांब जमिनीत घट्ट पुरले आहेत का ते हलवून पाहावे, कारण सैल खांब अंगावर पडून जगात मुले दगावली आहेत.

आणि ऊन. नागपूरचा पारा मे महिन्यात 47 अंशांच्या वर गेल्याची नोंद आहे, आणि मुलांना सुट्टी असते तीही याच दिवसांत. उन्हाळी सराव सकाळी आठच्या आत उरकावा, सावली आणि पाणी जवळ असावे, आणि नव्या मुलाचा खेळ आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. पोटरीत गोळे येऊ लागले तर त्याला सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी द्यावे. पण जो बरळू लागला किंवा अडखळून पडला, त्याला उष्माघात झाला असे समजून आधी भरपूर गार पाणी ओतून, ओल्या दुपट्ट्यांत गुंडाळून वारा घालावा आणि मगच गाडीत घालावे. तोंडात पाणी ओतू नये.

हे सारे करावयाचे कोणी? शाळेच्या क्रीडाशिक्षकाने, मंडळाच्या प्रशिक्षकाने, आणि ते नसतील तिथे कडेला उभ्या असलेल्या आपण थोरांनी. मुलाला दुखणे लपवावेसे वाटते, कारण बाहेर बसलो तर जागा जाईल आणि सवंगडी भित्रा म्हणतील, ही धास्ती त्याला असते. ती धास्ती काढून टाकण्याचा अधिकार फक्त मोठ्यांच्या शब्दाला आहे, आणि मी तो शब्द चुकीचा वापरला होता.

आता पाऊस उघडला की त्या पटांगणाकडे जातो तेव्हा माझ्या पिशवीत एक पट्टी असते आणि डब्यात बर्फ असतो. कोणी पोर गुडघा धरून खाली बसलेच, तर त्याच्या शेजारी मातीत बसून काय म्हणावयाचे तेही आता पाठ झाले आहे: “बस बाबू, उठू नको. उद्याही खेळ आहे.”